फुमियोच्या नव्या तातामी

फुमियो इवाकिरीच्या घरी देव्हाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकायचं तर आधी मोजे बदलावे लागत. पायातले काढायचे, दाराशी टोपलीत घडी करून ठेवलेले धुतलेले चढवायचे आणि मग आत जायचं. तेही बाईसाहेबांची मर्जी असली तर. ओबोनच्या दिवसांत पितरांसाठी सूत्रं म्हणायला मठातले गुरुजी येतात, त्यांनाही तिने सोडलं नाही. गुरुजींनी मुकाट्याने मोजे बदलले, पण त्या वर्षीचं पठण जरा लवकरच आटोपलं, असं तिची सासू इने अजून सांगते.

एवढा सोहळा कशासाठी, तर त्या खोलीत नव्या तातामी होत्या, म्हणजे वरून लव्हाळ्याची चटई शिवलेल्या, जमिनीवर बसवायच्या पेंढ्याच्या जाड गाद्या.

फुमियो डोंगरातल्या खेड्यातून नवरी होऊन आमच्या किशिमाची गल्लीत आली, तेव्हा इवाकिरींच्या घरातल्या तातामींचा रंग चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. पेंढा बाहेर आलेला, कडेच्या पट्ट्या उसवलेल्या, चालताना पायाला कुसळं टोचायची. सासू म्हणाली, पुढच्या वर्षी बदलू. ते पुढचं वर्ष उजाडेपर्यंत फुमियोचे केस पिकले. मधली सगळी वर्षं तिने स्टेशनजवळच्या डबेवाल्या दुकानात कोंबडी तळत काढली. नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुकानाने फुलं दिली, ती घेऊन बाई घरी न येता थेट तातामीवाल्याकडे गेली. नुसती वरची चटई बदलून देऊ का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, आतल्या पेंढ्यापासून सगळं नवं, आणि जुन्या घराच्या जुन्या मापाचं. तातामी आल्या त्या दिवशी ओल्या लव्हाळ्याचा हिरवा वास गल्लीभर पसरला होता. फुमियोने सरकती दारं लावून घेतली आणि एकटीच बराच वेळ त्या तातामीवर पालथी पडून राहिली. हे कुणाला कळायचं काही कारण नव्हतं, पण इनेने दाराच्या फटीतून पाहिलं आणि समोरच्या किनुए कोदामाला सांगितलं. किनुएचं केस कापायचं दुकान. तिच्या कानात शिरलेली गोष्ट गिऱ्हाइकाचे केस वाळायच्या आत गावभर झालेली असते.

बाई वाईट नव्हती हो. कुणाच्या अडीनडीला धावून जाणारी, बोलायला मोकळी. त्या एका खोलीपुरतं मात्र तिचं डोकं फिरायचं. सासूचा चहा तिने स्वयंपाकघरात हलवला, कारण म्हातारीचा हात थरथरतो. खालच्या टोकाला राहणारा कुरोगी म्हातारा एकदा मुद्दाम तातामी बघायला आला. हा उभा जन्म नदीत मासेमारी केलेला गडी, बायको वारल्यापासून एकटा, कंबरेतून अधू, आणि अंगाला माशांचा वास. त्याला तिने उंबऱ्यावर उभं केलं आणि तिथूनच बघा म्हणाली. कुरोगीने हात मागे बांधून पाहिल्या, छान आहेत म्हणाला, आणि परत जाताना किनुएच्या दुकानात डोकावून सांगून गेला की राजवाडाही एवढा लांबून दाखवत नाहीत. नंतर कितीतरी दिवस गल्लीत कुणी कुणाला काही दाखवायचं म्हटलं की दुसरा उंबऱ्यावर जाऊन उभा राहायचा.

आता या तातामींचा आणि नदीचा संबंध काय, ते सांगतो. किशिमाचीच्या एका अंगाला तोकिसे नदी आणि दुसऱ्या अंगाला तिला जाऊन मिळणारा ओढा. नदीच्या कडेला बांध, आणि बांधाच्या माथ्यावर सिमेंटचा बुटका कठडा. या कठड्याला मधेमधे रिकामे गाळे आहेत. आमच्या पणजोबांना पुरापासून गाव वाचवायचं होतं, पण उंच भिंत घातली तर घरातून नदी दिसणार नाही, म्हणून ती नको असाही त्यांचा हट्ट होता. शेवटी तोड निघाली ती ही, की एरवी गाळे रिकामे ठेवायचे, आणि पाणी चढलं की घराघरांतून तातामी काढून त्यांत आडव्या सरकवायच्या. पेंढा भिजतो, फुगतो, फटी बुजतात. प्रत्येक घराचे गाळे ठरलेले. आता नव्या घरांतल्या तातामी आखूड आणि पातळ झाल्या, त्या त्या गाळ्यांत नुसत्या खुळखुळतात. जुनं माप राहिलंय मोजक्या घरांत, त्यात एक इवाकिरींचं.

वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, याची तालीम होते. सगळे आपापल्या कोठारातून एखादी कुजकी, उंदरांनी कुरतडलेली तातामी काढतात, गाळ्यात बसवतात, वर्तमानपत्रवाला फोटो काढतो, मग भाताचे गोळे खाऊन मंडळी घरी. फुमियोनेही आपल्या घरातल्या त्या जुन्या टोचऱ्या तातामी फेकल्या नव्हत्या; तालमीसाठी म्हणून कोठारात ठेवल्या होत्या. नव्यांना हात लावायचा विचार कुणाच्या स्वप्नातही आला नसता.

त्या वर्षी गल्लीच्या प्रमुखपदाची पाळी फुमियोवर आली. पाळी घरोघर फिरते, नाही म्हणता येत नाही. एरवी वर्गणी गोळा करायची, नाल्याची सफाई करून घ्यायची, एवढंच काम. पण तालमीनंतरच्या सभेत महापालिकेच्या आपत्ती विभागातला हिदाका आला आणि त्याने फुमियोच्या गळ्यात भलतीच घंटा बांधली. हिदाका हा माणूस कुठलंही वाक्य माफी मागितल्याशिवाय सुरू करत नाही. त्याने आधी उन्हाबद्दल माफी मागितली, मग खुर्च्यांबद्दल, आणि मग कायदा सांगितला. पूर्वी म्हणे सरकार आधी घर सोडायचा सल्ला द्यायचं आणि मग हुकूम. लोकांना दोन्हींतला फरक कळायचा नाही. सल्ला आला की हुकमाची वाट बघत बसायचे आणि वाट बघता बघता बुडायचे. म्हणून सरकारने कायदाच बदलला. सल्ला रद्द. आता तिसरी पायरी आली की म्हाताऱ्याकोताऱ्यांनी निघायचं. चौथीला महापौरांचा हुकूम, सगळ्यांनी निघायचं. पाचवी पायरी म्हणजे पाणी आलेलंच आहे, त्या पायरीची वाट कृपा करून बघू नका, असं म्हणून हिदाकाने कमरेत वाकून नमस्कार केला.

कुरोगी मागे बसला होता. पुराच्या धोक्याचा रंगीत नकाशा, ज्यात त्याचं घर सगळ्यात गडद रंगात होतं, त्याने घडी करून पाठीशी उशीसारखा घेतला होता. त्याने हात वर केला.

"हुकूम मोडला तर पोलीस नेतात का?"

"माफ करा, तसं नाही. शिक्षा नाही," हिदाका म्हणाला.

"दंड?"

"दंडही नाही."

"मग हुकूम कसला तो? माझी बायको यापेक्षा कडक हुकूम द्यायची."

सभा हसली. हिदाकाही हसला, पण त्याच्या कपाळावर घाम आला होता. पुढे त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, की पाणी नदीकडूनच येईल असं नाही. नदी फुगली की ओढ्याचं तोंड दरवाजा पाडून बंद करतात, मग ओढ्याचं पाणी मागच्या गटारांतून वर येऊ शकतं. हे कुणी ऐकलं नाही, कारण तोवर भाताचे गोळे आले होते. शेवटी त्याने अपंग आणि वृद्ध माणसांसाठी एकेकाची वेगळी योजना करायची असते, तीही कायद्यातच आहे, असं सांगून दोन कागद फुमियोपुढे ठेवले. एक इनेचा, दुसरा कुरोगीचा. दोघांनाही बाहेर काढायची जबाबदारी गल्लीच्या प्रमुखाची. कुरोगीने हसत सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारला आणि फुमियोला म्हणाला, "या की न्यायला. चहा करून ठेवतो."

तिथून पुढे फुमियोच्या जिवाला घोर लागला. कुरोगीचं घर बैठं, गल्लीच्या सगळ्यात खोलगट टोकाला. वर चढून बसायला माडी नाही, आणि त्या कंबरेने तो टेबलावरसुद्धा चढला नसता. महापालिकेने घरात बसवलेला इशाऱ्याचा रेडिओ त्याने दुपारची झोप मोडते म्हणून गादीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. त्या पावसाळ्यात दोनदा तिसरी पायरी आली आणि दोन्ही वेळा फुमियो छत्री उलटीपालटी होत त्याच्या दारात गेली. दोन्ही वेळा त्याने शब्द पाळला, चहा केला. नदीचा वास माझ्या नाकाला कळतो, तुमच्या महापौराच्या नाकाला कळत नाही, असं म्हणून लोणच्याची बशी पुढे सरकवली. दोन्ही वेळा पाणी आलं नाही. झालं, आता तर त्याच्या नाकाला सरकारी मान्यताच मिळाली.

सप्टेंबरात वादळ आलं ते सरळ आमच्यावर. सकाळी तिसरी पायरी लागली. फुमियोचा नवरा मोरिओ गावच्या पूरदलात. तो शिरस्त्राण घालून ओढ्याच्या दरवाज्यावर निघून गेला. फुमियोने सासूला तयार राहायला सांगितलं आणि गल्लीत फेरी सुरू केली. खांबावरचा भोंगा ओरडत होता, पण एकेक शब्द सुटा करून, प्रतिध्वनीला वेळ देत, त्यात पाऊस, आणि घराघरांची वादळी झडपं लावलेली. आत ऐकू येत होतं ते एवढंच, की कुणीतरी काहीतरी फार अदबीने म्हणतंय. दुपारी सगळ्यांच्या फोननी एकदम किंकाळी फोडली. चौथी पायरी. महापौरांचा हुकूम, किशिमाची, सर्वांनी घर सोडावं.

फुमियो पुन्हा दारोदार. आणि काय सांगावं, माणसं आमची अशी आहेत की हुकमाला कुणी नाही म्हणत नाही. सगळे हो म्हणतात. हो, निघायलाच हवं. हो, तुमचे फार कष्ट होताहेत. आणि मग दाराच्या फटीतून समोरच्या घराकडे बघत विचारतात, ते निघाले का? समोरचे निघाले की आम्ही निघालोच. समोरच्यांकडे जावं तर त्यांचंही तेच. आपणच पहिले निघालो आणि पाणी आलं नाही तर शाळेच्या हॉलमध्ये घोंगडी पांघरून एकट्याने बसायचं, वर गल्ली वर्षभर हसणार. किनुएच्या दुकानात तर एक बाई केस कुरळे करायला डोक्याला गुंडाळ्या लावून बसली होती. हे औषध धुवायच्या आधी कुठे नेऊ हिला, किनुए म्हणाली, आणि अगं, तुझी सासूसुद्धा अजून घरातच आहे ना?

या शेवटच्या वाक्याने फुमियोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण आधी कुरोगी. कुरोगीने चहा केला होता.

"कुरोगी-सान, पाया पडते. या वेळी चला."

"बसा तर. निथळताय सगळ्या."

"नदी कठड्याच्या बुडाशी आलीय."

"बुडाशीच ना? मग चढायला वेळ आहे."

ती तिथून निघाली तेव्हा पावसात भिजल्यामुळे दिसत नव्हतं, पण ती रडत होती. शेवटी या माणसाच्या कागदावर तिचं नाव होतं. उद्या त्याला बाहेर काढायला माणसं आली, तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाणार होता. आणि प्रश्न कुणी नसता विचारला तरी ती जन्मभर त्या चहाच्या चवीतून सुटली नसती. निदान सासूला तरी हलवू, म्हणजे गल्लीला सांगायला तोंड राहील, असं ठरवून ती घरी आली.

इने देव्हाऱ्यासमोर नव्या तातामीवर मांडी ठोकून बसली होती. पायांत घरातलेच मळके मोजे.

"आई, चला. उठा."

"मी येत नाही."

"म्हणजे?"

"या घरातल्या तातामी गाळ्यांत बसल्याशिवाय मी घर सोडत नाही. माझ्या सासूनेही सोडलं नव्हतं."

फुमियोने पुष्कळ समजावलं. हिदाकाने काय सांगितलं, की आता तातामीबितामी काही करू नका, बांधाजवळ जाऊ नका, आधी जीव वाचवा. म्हातारी म्हणाली, तो हिदाका काय गाळ्यांत बसणार आहे का? बरं बाई, फुमियो म्हणाली, कोठारातल्या आणते, दोन बसवते, मग चला. इनेने आपल्या मांडीखालच्या तातामीवर थाप मारली. "या."

"आई, या नव्या आहेत."

"दिसतंय मला."

"जुन्या आहेत की कोठारात. मापाच्या आहेत. त्याच बसवू."

"त्या उंदरांनी खाल्ल्यात. त्यांतून नदी काय, उंदीर परत बाहेर येतील. या काढ. नाहीतर तू जा, मी आणि देव आम्ही बसतो इथे."

फुमियोला वाटलं, ही सूड उगवतेय. चहा स्वयंपाकघरात हलवला त्याचा सूड, मोज्यांचा सूड, गुरुजींच्या आटोपलेल्या पठणाचा सूड. इतकी वर्षं जे बोलली नाही ते आज वादळ गाठून वसूल करतेय. ती सासूला काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. इने ऐकत राहिली. फोन परत किंचाळला. मग फुमियोने स्वयंपाकघरातून पेचकस आणला, दोन तातामींच्या मधल्या फटीत घातला आणि पहिली तातामी उचलली. लव्हाळ्याचा तो हिरवा वास भसकन वर आला. तिला हुंदकाच फुटला.

तातामी जड असते. एकटीने उचलायची वस्तूच नाही. फुमियोने ती ओढत ओसरीवर आणली आणि दारातून बाहेर काढताना कडेची पट्टी चौकटीला घासून फाटली. पुढे रस्ता, रस्त्यावर चिखल. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं आणि तातामी पावसात ढकलली. मग ती ओढत, रडत, नवऱ्याला, महापौराला आणि इवाकिरींच्या सगळ्या पितरांना शिव्या घालत निघाली.

समोरच्या खिडकीत किनुए उभी होती. हातातला कंगवा तिच्या हातातच राहिला.

"अगं बाई," ती आतल्या बाईला म्हणाली, "ही नवी काढतेय."

किनुए छत्रीसुद्धा न घेता धावत आली. तिने तातामीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी ती कठड्यापर्यंत नेऊन इवाकिरींच्या गाळ्यात सरकवली. बसली अगदी नेमकी. मापाचीच होती ना. दुसरी आणायला परत फिरतात तो वरच्या घरातले दोघं नवरा-बायको बाहेर आले होते, पाठीला पिशव्या. त्यांच्या मागून त्यांच्या शेजारचे. कुणी विचारत नव्हतं की पाणी कुठवर आलं. फुमियोच्या नव्या तातामी? खरंच नव्या? एवढंच विचारत होते आणि खरं कळल्यावर घाईने मागे वळून घरातल्यांना हाका मारत होते. डोक्याला गुंडाळ्या लावलेली बाई औषधाच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

आणि मग कुरोगी आला. कुणी सांगितलं त्याला कोण जाणे, पण काठी टेकत, कंबर धरत, त्या पावसात गल्लीचा सगळा चढ चढून आला. कठड्यापाशी थांबला. नदी तिथे हातभरावर होती, तपकिरी, आख्खी झाडं घेऊन चाललेली. त्याने नदीकडे पाहिलंच नाही. तो गाळ्यातल्या त्या हिरव्या, चिखलाने माखलेल्या तातामीकडे बघत राहिला.

"इतकं आलंय?" तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

 कुरोगी किनुएकडे वळला आणि म्हणाला, तुमच्या गाडीत जागा आहे का, मी फक्त बायकोचा फोटो घेतो.

दुसरी तातामी बसवून फुमियो घरात आली, तर इने दारात उभी. अंगात रेनकोट, पायात बूट, पाठीला पिशवी, आणि पिशवीतून वारलेल्या नवऱ्याच्या नावाची देव्हाऱ्यातली पाटी डोकावत होती. बांधाबांध अशी, की सकाळीच करून ठेवलेली असावी.

"चल," ती म्हणाली. "तूच उशीर करतेयस."

टेकडीवरच्या शाळेच्या हॉलमध्ये पुठ्ठ्याचे पलंग लावले होते. संध्याकाळच्या आत आमची गल्ली तिथे हजर होती, एकजात सगळी. शेजारच्या दोन गल्ल्यांतून आली होती ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. हिदाका यादी घेऊन फिरत होता. किशिमाचीच्या नावांपुढे खुणा करता करता तो थांबला, त्याने पहिल्यापासून परत पाहिलं, आणि फुमियोपुढे येऊन तीनदा वाकला. "माफ करा, पण हे कसं जमवलंत? बाकीच्या गल्ल्यांना सांगता येईल." फुमियोच्या ओठांवर आलं होतं, की तुम्ही जे करू नका म्हणाला होतात तेच केलं. तेवढ्यात इने पलंगावरून बोलली, "कसं म्हणजे? महापौरांनी हुकूम दिला ना? आम्ही हुकूम पाळणारी माणसं." हिदाकाचे डोळे भरून आले. पलीकडे कुरोगी सरकारी भात चिवडत, याच्यापेक्षा गळाला लावायचं आमिष चवदार, असं कुणाला तरी सांगत होता.

पाणी आलं, पण नदीकडून नाही. कठड्याला नदी चाटून गेली, गाळ्यांपर्यंत चढलीच नाही. ओढ्याचा दरवाजा मोरिओच्या दलाने पाडला, पंप कमी पडले आणि मागच्या गटारांतून पाणी उलटं वर आलं, अगदी हिदाका म्हणाला होता तसं. सगळी गल्ली मागच्या दाराने बुडाली. आमच्या घरांत गुडघाभर, आणि खालच्या टोकाला कुरोगीच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाच्याही वर. घड्याळ बंद पडलं होतं, चहाची किटली छताच्या तुळईवर जाऊन बसली होती. कुरोगीने दारात उभं राहून आधी ती किटली पाहिली, मग घड्याळ. 

पाणी उतरल्यावर सगळी गल्ली चिखल उपसायला लागली. फुमियोच्या देव्हाऱ्याच्या खोलीत उरलेल्या चार तातामी गटाराच्या पाण्याने काळ्या पडून फुगल्या होत्या. म्हणजे त्या दोन घरात राहिल्या असत्या तरी काही वाचल्या नसत्या. पण राग असा हिशोब थोडाच मानतो? ती फावड्याने चिखल ओढत होती आणि धुसफुसत होती.

"नदी गाळ्यांपर्यंत आली पण नाही, आई. थेंब नाही लागला नदीचा. नुसत्या पावसात कुजवल्यात माझ्या तातामी. नदी अडवायला कोठारातल्या कुजक्या चालल्या असत्या की नाही?"

इने पायरीवर बसून देव्हाऱ्याची भांडी पुसत होती. "नदी अडवायला चालल्या असत्या," ती म्हणाली. "पण कोठारातल्या दर वर्षी बाहेर निघतात. त्या बघून कुरोगी आला असता का?"

फुमियोचं फावडं थांबलं.

"भोंगा काय, रोजच ओरडतो," इने म्हणाली. "महापौर निवडणुकीतही ओरडतो. पण तू त्या तातामी पावसात घातल्यास म्हणजे मरणच दारात आलं असणार, हे गल्लीतल्या मांजरालाही कळतं."

"मग मला तसं सांगायचं होतं. मी काय नाही म्हटलं असतं?"

"नाही म्हटलं नसतंस. पण मग रडली नसतीस तशी. तुला नाटक जमत नाही, फुमियो. लग्नात आमच्या तातामी छान आहेत म्हणालीस, तेव्हाच मला कळलं होतं."

 फुमियोने दारातून बाहेर पाहिलं. ऊन पडलं होतं. कठड्यापाशी कुरोगी उभा होता, किनुएच्या नवऱ्याची ढगळ विजार घातलेला, कारण त्याचे सगळे कपडे वाहून गेले होते. पावसाने फुगून त्या दोन तातामी गाळ्यांत गच्च बसल्या होत्या आणि तो त्या तिच्यासाठी सोडवायला बघत होता. काठी टाकून दोन्ही हातांनी ओढत होता, हलत नाही म्हणून शिव्या देत होता, धापा टाकत होता, परत ओढत होता. असा जिवंत, खोकणारा, चिडलेला म्हातारा बघून फुमियोला रडू आलं, आणि या वेळी ते तातामींसाठी नव्हतं. शेवटी त्याने जोर मिळावा म्हणून एक पाय उचलला आणि चिखलाने लडबडलेला बूट सरळ तातामीवर रोवला.

"कुरोगी-सान," फुमियो फावडं टाकून ओरडली, "आधी बूट काढा!"